यथ भड

आमच्या जळगाव जिल्ह्यात, आणि बायकोचं माहेर म्हणून धुळंही त्यात धरून चाला, हातातलं काम अर्धं टाकून उठण्यात माझ्या बायकोचा हात धरील असं माणूस झालं नाही आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. हे मी कौतुकानं सांगतो की रागानं, ते विचारू नका. सारा संसार रागानंच सांगत होतो. आता ती नाही, तर तेच बोलणं तोंडातून वेगळं निघतं. मी काय करू?

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर एक पाटी वाचली. तीही अर्धी. पिंप्राळ्यात आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं एक गाळा बरेच दिवस बंद होता. वैशाखातली सकाळ होती. आम्ही ओट्यावर वर्षाचे गहू निवडत बसलो होतो. मधे ताट, इकडं मी, तिकडं ती. तेवढ्यात समोर एक पेंटर शिडी आणि रंगाचे डबे घेऊन आला आणि गाळ्यावरच्या पत्र्यावर लिहायला लागला. झालं. तिच्या हातातला गहू हातातच राहिला.

"काय शे ते?" तिनं मान लांब केली. बोलायला लागली की ती तशी चारचौघांसारखं बोलायची, पण काही नवीन दिसलं की जीभ थेट धुळ्याला माहेरी जायची.

"पाटी आहे. गहू निवड."

"पाटी तर मलाही दिसते. कशाची शे?"

"कशाची का असेना. गहू निवड."

"उनूच," ती म्हणाली आणि उठली.

उनूच म्हणजे आलेच. ही आमच्या खानदेशची बोली, पण या एका शब्दाचा तिनं जो वापर केला तो खानदेशात दुसऱ्या कोणी केला नसेल. लोक उनूच म्हणतात आणि येतात. ती उनूच म्हणायची आणि जायची. मग तवा तापून काळा होवो, दूध उतू जाऊन चुलीवरून ओट्यापर्यंत येवो, नळ जाऊन हंडा अर्धा राहो, ती आपली कुठंतरी उभी राहून काहीतरी बघत असायची.

त्या दिवशी बराच वेळ आली नाही म्हणून मी तिला आणायला गेलो. या पेंटरची तऱ्हा अशी, की तो आधी निळ्या रंगानं नुसती अक्षरं काढायचा. ती वाळली की दुसऱ्या दिवशी येऊन काने, मात्रा, वेलांट्या, टिंबं लाल रंगानं द्यायचा. दोन रंगांत पाटी उठून दिसते म्हणे. त्यामुळं पत्र्यावर आत्तापर्यंत एवढंच उमटलं होतं: यथ भड. आणि त्याच्याखाली आमची बाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी, ओठ हलवत.

"येथे भांडी," ती मला बघून म्हणाली. "भांड्यांचं दुकान शे."

मला लिहिणं-वाचणं कामापुरतं. तीच माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त शिकलेली, आणि ते मला विसरू देत नसे. म्हणून मीही जोर लावून वाचलं. म्हटलं, "भांडी कशावरून? येथे भाडे. गाळा भाड्यानं द्यायचा असेल."

"भाड्यानं द्यायला कोणी एवढा रंग खर्च करतं का? खडूनं लिहितात."

"मग भेंडी असेल."

"भेंडीला पाटी लागते? भेंडी ओरडून विकतात." मग एकदम तिचे डोळे चमकले. "येथे भांडण! येथे भांडण मिळेल! तसं असेल तर ओ पेंटरभाऊ, ती पाटी आमच्या दारावर लावा. आमच्याकडं माल तयार शे!"

पेंटर शिडीवर एवढा हसला की निळ्या रंगाचा एक थेंब माझ्या टोपीवर पडला. तिनं त्याला किती विचारलं, पण तो सांगेना. म्हणाला, "अक्का, आज निळा रंग एवढ्यावरच संपला. उद्या पुढची अक्षरं आणि लाल रंग घेऊन येतो, तेव्हा आपोआप कळेल. नाहीतर उद्या चहा पाजा, सांगतो. आजच सांगून टाकलं तर उद्या चहा कोण पाजणार?"

"पाजते चहा," ती म्हणाली. "पण बघाल तुम्ही, भांडीच निघणार."

"भाडं निघणार," मी म्हणालो.

असं भांडत भांडत आम्ही रस्ता ओलांडून आलो, तर ताटावर चिमण्यांची पंगत बसली होती. निवडलेला गहू वेगळा, न निवडलेला वेगळा, असं मी नीट ठेवलं होतं. चिमण्यांनी सगळं एक करून वर बराचसा खाल्ला होता. मी ओरडलो, "ताट उघडं टाकून कुठं जातेस तू? बघ आता!" तिनं बघितलं आणि शांतपणे पुन्हा मांडी घातली.

"खाल्ला तर खाल्ला. तेवढा निवडायचा वाचला."

हे तिचं ठरलेलं उत्तर. दर उन्हाळ्यात ऐकत आलो.

आता गव्हाचं सांगितलंच पाहिजे. तुमच्या घरी गहू उन्हाळ्यात निवडून, एरंडेल तेलाचा हात लावून कोठीत भरत असतील. आमच्या घरी गहू निवडणं बारमाही होतं. या वर्षीचा संपत आला की पुढचा दारात यायचा. कारण ती गहू निवडत नसे, गव्हात काय सापडतं ते बघत असे. खडा सापडला की लोक फेकतात. ही तो तळहातावर घेऊन उजेडात धरणार, फिरवणार, "ओ, हे बघा, अगदी बसलेल्या बैलासारखा," असं म्हणणार, आणि मी बघितलं नाही तर माझ्या गुडघ्यावर आणून ठेवणार. तिची पानाच्या तंबाखूची एक जुनी पत्र्याची डबी होती, तीत हा सगळा खजिना. बैल, बदाम, अर्धा दात, कुठल्या बाईच्या पोलक्याचं बटण, शंखाचं पिल्लू, पैंजणाचा एक घुंगूर. घुंगरावर तर तिनं पूर्ण एक दुपार घालवली. कोणाचा असेल? कापणीला आलेल्या बाईचा? ती नाचली असेल की पळाली असेल? पायातून पडला तेव्हा तिला कळलं असेल का? मी म्हटलं, "कळलं असतं तर उचलला असता." तर म्हणाली, "तुम्हाला सगळं पटकन कळतं बाई."

आणि यात गंमत काय, की खडा डबीत जायचा ठीक आहे, पण नजर खड्यावर आणि हात आपले चाललेले, त्यामुळं चांगले गहू कचऱ्यात आणि कचरा गव्हात. मी जन्मभर डाळमिलमध्ये चाळणीवर काम केलं. माझ्या हाताखालून डाळीत खडा गेला असं मालकानं कधी म्हटलं नाही. आणि घरी माझ्या पोळीत रोज एक. दाताखाली कर्र झालं की मी तिच्याकडं बघायचो, ती माझ्याकडं बघायची, आणि विचारायची, "कसा शे? गोल की चपटा?"

सांगा आता, अशा बाईशी माणसानं काय भांडावं?

वाण्याच्या पुडीचं तर वेगळंच प्रकरण. तेव्हा किराणा वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळे. बाकीच्या बायका पुडी सोडतात, साखर डब्यात ओततात, कागद चुलीत घालतात. ही साखर तशीच ताटात ओतून कागद वाचायला बसायची. ताटाला मुंग्या लागायच्या, ती वाचत असायची. तेलाचा डाग पडलेला असला तर डागाच्या आरपार वाचायची. एकदा त्या कागदावर कुठल्या तरी गावच्या सासू-सुनेच्या तंट्याची बातमी होती. सासूच्या पाटल्या गेल्या, संशय सुनेवर, पंच बसले, सून उभी राहून म्हणाली की, आणि तिथंच कागद फाटलेला. पुढचा तुकडा नाही. तिनं चहा टाकला होता, तो तसाच ठेवून ती वाण्याकडं गेली. "उनूच" म्हणूनच गेली. वाणी म्हणाला, "अक्का, त्याचा उरलेला कागद जिऱ्याला गेला."

"जिरं कोणाला गेलं?"

"आता ते कसं सांगू? सकाळपासून जिरं काय एकट्यानं नेलं?"

ही घराघरात जिरं शोधत फिरली. लोकांना वाटलं, हिच्या घरी जिरं संपलं. दोघींनी वाटीभर दिलंही, ते तिनं घेतलं. शेवटी मागच्या गल्लीत, दोन पोरांच्या एका बाईच्या घरात, तो कागद सापडला. तोपर्यंत तिथं तान्ह्या पोराच्या खाली घातला होता. तिनं तो उन्हात वाळवून वाचला. संध्याकाळी मी कामावरून आलो तर चहाचं भांडं जळून गेलेलं, घरात धूर, आणि ही दारातच मला सांगते, "सून निर्दोष निघाली!" एवढ्या आनंदानं, की मला वाटलं आपल्याच घरातली कोणी सुटून आली. पाटल्या म्हणे सासूनं स्वतःच धान्यात लपवल्या होत्या आणि विसरली. तेव्हापासून तर गहू आणखीच बारकाईनं बघायला लागली. न जाणो.

उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे असले की गल्लीतल्या बायका तिला आधीच दम भरायच्या. ज्वारीचा घाटा शिजत असताना हाटत राहावं लागतं, नाहीतर गाठी होतात. हाटायला त्या तिला कधीच बसवत नसत. पण एका वर्षी शेजारच्या अक्कांच्या हाताला फोड आला, आणि त्यांनी थोडा वेळ लाकडी हाटा हिच्या हातात दिला. नेमकं त्याच वेळी समोरच्या बंगल्यावर लोक टीव्हीची मोठी छत्री चढवत होते. तेव्हा ती नवीनच निघाली होती. गच्चीवरचा माणूस खाली ओरडायचा, "आलं का?" आणि घरातून आवाज यायचा, "मुंग्या आल्या!" तो छत्री फिरवायचा, "आता?" "आता दोन-दोन माणसं दिसतात!" ही हातात हाटा तसाच घेऊन रस्त्यात. छत्रीवाल्याला खालून सांगायला लागली, "थोडी धुळ्याकडं करा, धुळ्याकडं!" आणि खरंच, धुळ्याकडं केल्यावर चित्र आलं म्हणतात. निदान ती तरी तसं म्हणायची. इकडं घाट्याचा दगड झाला. अक्का म्हणाल्या, "हिला आता छत्रीवरच चढवा, चारी दिशांचं दिसेल." ही म्हणाली, "चढवाल का? खरंच?"

तिच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे तर शिक्षा. भाच्याच्या बारशाहून आम्ही धुळ्याहून परत येत होतो. एस.टी. एरंडोलला थांबली. मी म्हटलं, उतरू नको. "उतरत नाही, फक्त दारातून बघते," म्हणाली. स्टँडवर वजनाचं मशीन आलं होतं, लाल-पिवळे दिवे लागणारं. त्यात नाणं टाकलं की तिकीट बाहेर येई आणि त्याच्या मागं नशीब छापलेलं असे. गाडी सुटली. मी मागं वळून बघतो तर सीट मोकळी. कंडक्टरला सांगितलं, बायको राहिली. त्यानं दोरी ओढली, सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मी उतरून धावत गेलो. बाईसाहेब मशीनजवळ लोकांची तिकिटं वाचून देत होत्या! ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची रांग लागली होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगत होती, "आबा, तुम्हाला परदेशगमनाचा योग शे." आबा म्हणाले, "माले तं पारोळ्यालेच जानं शे." मी तिचा हात धरून ओढत आणली. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तू स्वतःचं का नाही काढलंस तिकीट?" तर म्हणाली, "मला माझं कशाला बघायचंय? माझं मला घरी गेल्यावर कळेलच."

त्यावर मी रागानं गिरणा नदीच्या पुलापर्यंत बोललो नाही. पुलावर तीच म्हणाली, "ओ, ऐका ना. नदीत तो माणूस काय धुतोय, गाढव का?" मला न बघणं जमलं नाही. गाढवच होतं.

लोकांना वाटेल, घर कसं चाललं असेल. चाललं. पोरगा शिकला, धुळ्याला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, सून आली ती अगदी माझ्या वळणाची, धरलेलं काम तडीला नेणारी. सुट्टीत आली की दोन दिवसांत घर लखलखीत करायची, आणि सासू तिच्या मागं मागं फिरत म्हणायची, "अगं, त्या कोनाड्यातलं कोळ्याचं जाळं राहू दे, तो अर्धं विणून कुठंतरी गेलाय. येईल." सून माझ्याकडं बघायची. मी छताकडं बघायचो.

तर पाटीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. नेहमीपेक्षा एक कप जास्त दूध चहाला टाकलं. पेंटरचं. मी ओट्यावर बसलो होतो. समोर पेंटर शिडी टेकवत होता, लाल डबा अजून खालीच होता. मी आत ओरडून सांगितलं, "आला तुझा पेंटर! हरायची तयारी ठेव!" आतून उत्तर आलं नाही. मला वाटलं, मागच्या दारानं कुठंतरी बघायला गेली. मग भांडं पडल्याचा आवाज आला.

छातीत दुखत होतं. शेजारच्या अक्कांनी रिक्षा आणली. रिक्षात बसवताना तिनं मान वळवून समोर बघायचा प्रयत्न केला, पण रिक्षाचं टप आडवं आलं. "लिहिलं का हो त्यानं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "गप बस." रस्ताभर मी तिला गप बस म्हणत होतो आणि ती काहीबाही विचारत होती. दवाखान्यात बाटली लावली तेव्हा नर्सबाईला विचारलं, "हे एवढं थेंब-थेंब का सोडता? एकदम का नाही?" नर्स हसली. मला जरा धीर आला. एवढी चौकशी करणारं माणूस कुठं जातं? मग तिला आतल्या खोलीत न्यायला लागले. ढकलगाडीवर निजवलेली. दारापाशी तिनं हात थोडा वर केला.

"उनूच," म्हणाली.

पुढचं सांगत नाही.

दहाव्याला आम्ही गिरणेच्या काठी गेलो. पोरगा, सून, धुळ्याहून तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझा मेव्हणा, शेजारच्या अक्का, गल्लीतली माणसं. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघायला लागले. कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली नाही असं धरतात. नाही शिवला तर काहीतरी राहिलं. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते. त्यातला एक खाली आला. आला, चार पावलं पिंडाकडं चालला, आणि मधेच थांबून मान वाकडी केली. बाजूला कोणाच्या तरी विड्याच्या पुडीचा चांदीचा कागद पडला होता. तिकडं गेला. तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग उडून परत बाभळीवर.

मेव्हण्यानं हात जोडले. "ताई, काय राही गयं तुनं? सांग ना. नानास्ले आम्ही संभाळसूत."

कावळा आला. पिंडाच्या अगदी जवळ आला, आणि मेव्हण्याच्या चपलेकडं वळला. तिची टाचणी लावलेली पट्टी त्याला आवडली.

पोरानं हात जोडून सांगितलं, नानांना, म्हणजे मला, एकटं ठेवणार नाही, धुळ्याला नेईन. सुनेनं सांगितलं, तुमच्या बांगड्या मी मोडणार नाही. अक्कांनीही सांगितलं, त्या घाट्याचा राग माझ्या मनात नाही गं बाई. ऊन चढायला लागलं. माणसं पाय बदलायला लागली. कोणी म्हणालं, दर्भाचा कावळा करून लावा आणि मोकळे व्हा. पोराच्या डोळ्यात पाणी आलं. त्याला वाटलं, आईचं खरंच मोठं काहीतरी मनात राहिलं, आणि आपल्याला ते माहीतही नाही. मला त्याचं ते तोंड बघवेना. आणि माझ्याही मनात तेच येत होतं. अशी कशी इच्छा राहिली हिची, जी मला सांगितली नाही?

"थांबा रे," मी म्हटलं. "दर्भ-बिर्भ काही नको. तिची इच्छा नसेल राहिली. उनूच म्हणून निघाली असेल आणि वाटेत कुठं काही बघत उभी असेल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हातारं भ्रमलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. आणि त्या क्षणी मला आठवलं. दहा दिवस मी घराच्या आतच होतो, माणसांच्या गराड्यात. समोर बघितलंच नव्हतं.

मी पोराला विचारलं, "आपल्या समोरच्या गाळ्यावर पाटीवर काय लिहिलंय?"

"नाना, आत्ता हे..."

"आत्ताच. काय लिहिलंय?"

पोरगा गोंधळला. म्हणाला, "येथे भांडी भाड्याने मिळतील. आज पाहुण्यांच्या स्वयंपाकाची मोठी पातेली तिथूनच तर आणलीत."

भांडी. भाड्याने.

मला हसू आलं. दहाव्याच्या दिवशी, नदीकाठी, डोक्याचा गोटा केलेला म्हातारा मोठ्यानं हसतोय हे चांगलं दिसत नाही, मला कळत होतं. मेव्हण्यानं येऊन माझा दंड धरला. मी तो सोडवून दोन पावलं पुढं गेलो आणि बाभळीकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "ऐकलंस का गं? भांडी भाड्याने! तूही बरोबर, मीही बरोबर. उगीच भांडलो उन्हात. ये आता."

लोक गावभर सांगतात, की नानांनी हाक मारली आणि कावळा लगेच शिवला. खोटं आहे. मी पुढं उभा होतो, मी बघितलंय. तो आधी पुन्हा एकदा चांदीच्या कागदाकडं गेला. मग सुनेच्या पदराच्या टोकाला बघून आला. मग पाण्यात काहीतरी हाललं ते बघितलं. आणि मग परत फिरताना, जाता जाता, पिंडाला चोच लावून गेला. भुकेला असेल. मी काही असल्या गोष्टी फार मानणारा नाही. पण चाल मी ओळखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर ताट घेऊन बसलो. सून म्हणाली होती, "नाना, मी मशीनवर देऊन आणते, तासाभरात होईल." मी नको म्हटलं. आभाळात ढग दिसायला लागले होते; पाऊस लागायच्या आत कोठी भरायची होती, एवढंच. मी चाळणीवरचा माणूस, ओंजळीगणिक सरसर निवडत चाललो. एक खडा सापडला. जरा लांबट, मधे खोलगट. बोटात फिरवला. होडीसारखा दिसत होता. आजूबाजूला कोणी बघत नव्हतं. डबीत टाकला.

तेवढ्यात समोर शिडी टेकवल्याचा आवाज आला. तोच पेंटर. पत्र्यावर जुन्या ओळीखाली जागा होती, तिथं निळ्या रंगानं काहीतरी नवीन लिहायला लागला होता. मी उठून आत गेलो. चहा उकळलेलाच होता, एक कप ओतला आणि सुनेला "आलोच" असं काहीतरी म्हणून रस्ता ओलांडला.

पेंटरनं मला बघितलं आणि शिडीवरून खाली उतरला. कप हातात घेतला पण प्याला नाही. खाली बघत म्हणाला, "नाना, त्या दिवशी अक्कांनी एवढं विचारलं, तेव्हाच मी सांगून टाकायला पाहिजे होतं. एका चहासाठी उगीच..."

"बरं झालं नाही सांगितलंस," मी म्हटलं. "सांगितलं असतंस तर ती घरी येऊन गप गहू निवडत बसली असती. रात्री जेवताना आम्ही त्या पाटीवरच भांडत होतो. मजेत होती. पी चहा, थंड होतो."

तो प्याला. मी वर बघितलं. नवीन ओळीत दोनच अक्षरं झाली होती: मड.

म आणि ड. मांडव असेल. पण मडकंही असू शकेल. मुंडावळ्याही असतील, लग्नाचंच सामान देतात ना हे लोक? ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून मी टोपी पुढं ओढली. माझ्या टोपीवर तो निळा डाग अजून होता.

पेंटरनं मला बघितलं आणि त्याला फार दया आली असावी. तो घाईघाईनं म्हणाला, "नाना, तिथं मी लिहिणार आहे ना..."

"सांगू नको," मी म्हटलं. "उद्या लाल रंग देशील तेव्हा बघेन."

किती वेळ उभा होतो कोण जाणे. परत आलो तर ताटावर चिमण्या, ओट्यावर गहू विखुरलेला, आणि सून कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"नाना! ताट उघडं टाकून कुठं गेला होतात? बघा, किती खाल्ला!"

मी ताटाशेजारी हळूहळू मांडी घातली. चिमण्या थोड्या सरकल्या, उडाल्या नाहीत.

"खाल्ला तर खाल्ला," मी म्हटलं. "तेवढा निवडायचा वाचला."